सत्तावीस नंबरचा केस

इनामदार आजी ओसरीवर केस विंचरत बसल्या होत्या आणि मी पायरीवर उभी राहून, पाठ करून आणलेलं वाक्य कसं सुरू करावं याचा विचार करत होते. आजींचे केस कमरेपर्यंत लांब आणि पांढरेशुभ्र होते. कंगव्यात अडकलेला गुंतवळ त्यांनी बोटाभोवती गुंडाळला, त्यावर थू थू केलं आणि तो टाकायला त्या उठणार एवढ्यात मी म्हणाले, "आजी, तो मला द्याल का?"

आजींनी आधी गुंतवळ मुठीत दाबला. मग माझ्याकडे पाहिलं.

"कशाला?"

"कॉलेजात तपासायचाय. त्यातून उजेड आरपार जातो का ते बघायचंय."

"कुणी पाठवलं तुला?" त्यांनी विचारलं, आणि शेजारच्या घराकडे मान वळवून आवाज खाली आणला. "तिनं?"

मी आमच्या सरांचं नाव सांगितलं, विद्यापीठाचं नाव सांगितलं, एम. फिल. म्हणजे काय तेही सांगितलं. आजी उठल्या, आत गेल्या आणि दाराला कडी घातली. कडी नीट बसल्यावर खिडकीतून त्यांनी मला ऐकवलं, की माझ्या आजोबांना त्या चांगल्या ओळखत होत्या आणि ते असले नव्हते.

ही सांगलीतली गोष्ट, शहाऐंशी सालची. मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते आणि फिजिक्सच्या आगलावे सरांच्या हाताखाली एम. फिल. करत होते. त्र्यंबक आगलावे हे सरांचं नाव. माणूस देवभोळा नव्हता, पण कल्पनाभोळा होता. काचेच्या धाग्यातून उजेड वळणं घेत लांबवर जातो, हे तेव्हा आम्ही पुस्तकात वाचत होतो. सरांना एके दिवशी दाढी करताना वाटलं, की पांढऱ्या केसात रंग नसतो, म्हणजे तोही एक प्रकारे काचेचा धागाच. मग त्यातून उजेड का जाऊ नये? आणि गेला, तर शरीराच्या आत डोकावायला डॉक्टरांना परदेशी नळ्या कशाला हव्यात? सरांना अशा कल्पना दाढी करतानाच सुचत. डोक्यावर या संशोधनाला उपयोगी पडेल असं त्यांच्याकडे काहीच उरलेलं नव्हतं.

पुण्याच्या एका संस्थेनं त्यांना वर्षभरासाठी एक लेसर उसना दिला. त्यातून तांबडा, सुईसारखा बारीक किरण निघायचा. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काळे पडदे लावून आम्ही एक अंधारी खोली केली. यंत्र होतं, खोली होती, मी होते. फक्त केस नव्हते.

सांगलीत पांढरे केस मिळायला काय अडचण, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण पुरुषांचे केस आखूड, बायकांचे मेंदीनं लाल, आणि उरलेल्यांनी कलप लावलेला. सलूनवाल्यानं पोतं भरून केस दिले, त्यात पांढरे शोधणं म्हणजे काळ्या तिळातून रवा निवडणं होतं, आणि सापडले ते नखाएवढे. गल्लीत 'केसावर फुगे' ओरडत येणाऱ्या फुगेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, पांढऱ्याला कुणी विचारत नाही बाई, काळे सांगा. मग उरल्या त्या ओसरीवर केस विंचरत बसणाऱ्या म्हाताऱ्या. आणि विंचरलेला केस परक्याच्या हातात द्यायचा नाही, त्यावर करणी करतात, हे त्या सगळ्यांना आईच्या दुधातून मिळालेलं होतं.

सरांनी स्वतःच्या आईलाही विचारून पाहिलं होतं. त्यांच्या आईंना सगळे आक्का म्हणत. त्यांचे केस पाहून कुणालाही हेवा वाटावा, असा पांढरा जाड अंबाडा. पण आक्कांनी मुलाला साफ सांगितलं होतं, की तू माझा मुलगा आहेस याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण या घरात आणखी कोण राहतं तेही मला ठाऊक आहे. आणखी कोण म्हणजे सरांची बायको, शैलावहिनी. त्या हायस्कुलात मराठी शिकवायच्या.

महिनाभर मी दारोदार फिरले आणि माझं नाव झालं. हळब्यांची निरुपमा केस गोळा करत हिंडते, कॉलेजात अंधाऱ्या खोलीत कायसं करते, असं लोक बोलू लागले. त्या महिन्यात मला बघायला एक स्थळ आलं. मुलाची आई पोहे खाईपर्यंत डोक्यावरचा पदर एका हातानं घट्ट धरून बसली होती. माझ्या आईनं त्या संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला आणि मला विचारलं, की लोकांच्या डोक्याऐवजी शेळ्या-मेंढ्यांचे केस तुझ्या सरांना चालणार नाहीत का.

आणि मग, मी आशा सोडून दिली असताना, केस आपले आपण यायला लागले.

पहिली आली ती आमच्या गल्लीतली सुलभा. लग्न होऊन वर्ष झालेलं. मी कॉलेजातून येताना ती कोपऱ्यावर उभी होती. इकडेतिकडे बघून तिनं माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. उघडून पाहिलं, तर आत पांढरे, लांबसडक केस.

"सासूबाईंचे आहेत," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला, की मी तिला तिथंच प्रयोग समजावून सांगितला. यंत्रातून तांबडा किरण निघतो, तो आम्ही केसाच्या एका टोकातून आत सोडतो. सुलभा मन लावून ऐकत होती.

"म्हणजे तांबडा उजेड केसात शिरतो."

"हो."

"आणि आत आत जात राहतो."

"जितका जाईल तितका."

"अंधाऱ्या खोलीत."

"अंधार लागतोच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिनं पुडीवर माझी बोटं मिटवली. "फार काही नको गं. जरा कमी बोलल्या तरी पुरे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिला शपथेवर सांगितलं, की यातलं काहीही होणार नाही, हे फिजिक्स आहे, तिच्या सासूबाई जेवढ्या बोलतात तेवढ्याच बोलत राहतील. सुलभानं समजूतदारपणे मान हलवली. "तसंच सांगायचं असतं," ती म्हणाली. "मी कुणाला बोलणार नाही."

चार दिवसांनी तिच्या सासूबाईंचा घसा बसला. गल्लीत साथच होती, माझ्या वडिलांचाही बसला होता. पण वडिलांच्या घशाकडे कोण बघतं. आठवडाभर सुलभाच्या घरात शांतता होती आणि त्या आठवड्यात सांगलीतल्या सुनांमध्ये काय काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मला फक्त पुड्या माहीत आहेत. वर्तमानपत्राच्या, वहीच्या पानाच्या, एक तर हळदीकुंकवाच्या डबीत घालून आलेली. देवळात, बसथांब्यावर, भाजी घेताना कुणीतरी जवळ यायची, पुडी द्यायची आणि हळूच मागणं सांगायची. एकीला सासूनं चहात साखर किती घातली ते मोजणं सोडायला हवं होतं. एकीची सासू रोज दुपारी झोपायची आणि सुनेला झोपू द्यायची नाही. तिला दोघींनाही झोप लागायला हवी होती. प्रत्येकीला मी तेच सांगायचे, की हे फिजिक्स आहे. मी जितकं निक्षून सांगावं तितका त्यांचा विश्वास वाढायचा. शेवटी मी बोलायचं सोडलं, तर म्हणाल्या, बघा, आता ती बोलतसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र मी पाळली. केस घेतले, पण कुणाचे ते सरांना सांगितलं नाही. त्यांना मी फक्त नंबर देत असे.

सर तर हवेत होते. सांगलीच्या स्त्रियांमध्ये विज्ञाननिष्ठा किती खोल रुजली आहे, यावर त्यांनी स्टाफरूममध्ये छोटंसं भाषणच केलं. त्यांनी असंही ठरवलं, की सगळ्या देणगीदार भगिनींचा पुढेमागे सत्कार करायचा. मी म्हटलं, सर, त्यांना प्रसिद्धी नको आहे. सर हेलावले. म्हणाले, यालाच निरपेक्ष सेवा म्हणतात.

प्रयोग मात्र रडत होता. काचेच्या पट्टीवर केस ठेवायचा, एका टोकावर किरण धरायचा, आणि दुसरं टोक सूक्ष्मदर्शकातून बघायचं. उजेड आत शिरायचा आणि जरा पुढं जाऊन विझायचा. दोन-तीन तांदळाएवढी लांबी, बस्स. सुलभाच्या सासूबाई, चहाच्या सासूबाई, झोपेच्या सासूबाई, सगळ्या तिथंच थांबायच्या.

अशात एका दुपारी शैलावहिनी प्रयोगशाळेत आल्या. सर वर्गावर होते. वहिनींनी आधी यंत्र कुठलं ते विचारलं, मग हवा-पाण्याचं बोलल्या, मग पर्स उघडली आणि मिटली.

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, माझाही नाही.

"मी मुलांना निबंधाला विषय देते, अंधश्रद्धा एक शाप."

"चांगला विषय आहे."

"पण सुलभाच्या सासूबाईंचं खरंच..." त्या थांबल्या, आणि पर्समधून एक पुडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. त्यातले केस मी लगेच ओळखले. सांगलीत तसला दुसरा अंबाडा नव्हता.

वहिनींचं गाऱ्हाणं मोठं नव्हतं. आक्का वाईट नव्हत्या, पण वहिनींनी लावलेला डबा उचलून दुसऱ्या फळीवर ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि वहिनी पेपर तपासायला बसल्या की बरोबर तेव्हाच त्यांना रात्रीच्या भाजीचं विचारायचं असे. सरांचा धाकटा भाऊ सोलापूरला होता. चार महिने आक्का तिकडे राहून आल्या, तर वहिनींना श्वास घेता येणार होता. पण जा असं तोंडानं म्हटलं, की सून सासूला हाकलते असा बोभाटा होणार. म्हणून आक्कांना आपण होऊन सोलापूरला जावंसं वाटायला हवं होतं.

मी त्यांना हात जोडून सांगितलं, की हे यंत्र कुणालाही सोलापूरला पाठवू शकत नाही. वहिनी म्हणाल्या, तू तुझं काम कर, बाकीचं मी बघते. आणि यांना यातलं एक अक्षर कळता कामा नये.

त्या पुडीला नंबर मिळाला सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी मी सत्तावीस नंबरचा केस पट्टीवर ठेवला, किरण लावला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं. टोकाला तांबडा ठिपका होता. मी केसाचा लांब तुकडा घेतला. ठिपका होताच. आणखी लांब घेतला. बोटाच्या एका पेरापर्यंत उजेड जात होता, मंद, पण जात होता. मी सरांना हाक मारली. त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग ते अंधाऱ्या खोलीतून बाहेर गेले आणि व्हरांड्यात एक चक्कर मारून आले.

"निरुपमा," ते म्हणाले, "ही माऊली कोण आहे?"

मी म्हटलं, नाव सांगायचं नाही असा मी शब्द दिला आहे.

"या बाईचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं."

मी खाली बघून पट्टी पुसत राहिले.

सरांनी तो निकाल पुण्याला कळवला. तिकडे डॉक्टर नाडकर्णी म्हणून तज्ज्ञ होते, त्यांचा निरोप आला, की हा केस असणं शक्य नाही, हा नायलॉनचा धागा असावा आणि कुणीतरी तुमची थट्टा केली आहे. ते स्वतः येणार होते. त्यांच्यासमोर त्या बाईच्या डोक्यावरून ताजा केस घ्यायचा, आणि तो त्यांनी स्वतः तपासायचा. उजेड गेला नाही, तर लेसर त्याच गाडीनं पुण्याला परत. म्हणजे माझं एम. फिल.सुद्धा त्याच गाडीनं परत.

सर खूश होते. संकट त्यांना दिसलंच नाही. बाईंना सन्मानानं आणायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, आणि देणगीदार स्त्री आहे म्हणून ते शैलावहिनींच्या हस्ते द्यायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

मी वहिनींकडे पळाले. त्या पांढऱ्या पडल्या. त्या दिवशी आपण आजारी पडू असं म्हणाल्या, मग म्हणाल्या की आजारी पडले तर आक्का काढा पाजतील, ते नको. शेवटी ठरलं, की मी आक्कांना नव्यानं, सरळ जाऊन विचारायचं. आधीच्या पुडीचा उल्लेख करायचा नाही.

सर आणि वहिनी घरी नसताना मी गेले. आक्का पाटावर बसून एकट्याच पत्ते खेळत होत्या. बदाम सात, आणि चारी बाजूंनी त्याच. मी सांगितलं, की पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर पांढरा केस तपासायचा आहे, तुम्ही एक द्याल का? नाही म्हणतील म्हणून मी आणखी चार वाक्यं तयार ठेवली होती. आक्कांनी पत्ते गोळा केले.

"देते की," त्या म्हणाल्या. "चोरून नेलेल्या केसाची भीती असते. चारचौघांत आपल्या हातानं दिलेल्याची कसली आलीय भीती? पण माझंही एक काम आहे तुझ्याकडं."

आणि त्यांनी कनवटीची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत काळे केस होते.

"शैलाचे," आक्का म्हणाल्या. "उशीवरून घेतले."

मी त्या केसांकडे बघत राहिले. आक्कांना वाटलं, मी मागणं ऐकायला थांबले आहे. त्यांचंही गाऱ्हाणं मोठं नव्हतं. शैला वाईट नव्हती, पण पत्त्यांना ती जुगार म्हणायची, आणि तिच्यासमोर डबासुद्धा सरळ उचलता यायचा नाही. सोलापूरला धाकट्याकडे रंगीत टीव्ही होता आणि शेजारच्या घरात आक्कांची लहानपणची मैत्रीण होती, जिला बदाम सातचं वेड. आक्कांना चार महिने तिकडे जायचं होतं. पण जाते म्हटलं, की सून म्हणणार आमच्या घरात काय कमी पडलं, आणि गाव म्हणणार थोरल्याकडं पटेना. तेव्हा शैलालाच आपण होऊन म्हणावंसं वाटलं पाहिजे, की आक्का, जाऊन या.

मला हसू आवरेना, आणि हसता तर येईना. वहिनींना मी शब्द दिला होता. मी एवढंच म्हणाले, की आक्का, आमचा उजेड काळ्या केसातून जात नाही. काळा रंग त्याला गिळून टाकतो.

आक्कांनी पुडीकडे पाहिलं आणि ती परत कनवटीला लावली.

"हिच्यावर काही चालत नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच."

नाडकर्णी आले त्या दिवशी सर सकाळपासून फाटकात उभे होते. नाडकर्णी उंच, गंभीर, केस काळेभोर. त्यांनी आमची अंधारी खोली पाहिली, काही न बोलता खिशातून स्वतःचा चिमटा आणि भिंग काढलं. वहिनी शाल आणि नारळ घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी रिक्षातून आक्कांना घेऊन आले.

सर दारापर्यंत लगबगीनं आले आणि जागीच थांबले.

"आक्का? तू कशाला आलीस?"

"केस द्यायला," आक्का म्हणाल्या. "हिनं बोलावलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरत गेला. "सत्तावीस नंबर म्हणजे आक्का?"

मी मान हलवली. नाडकर्णींनी आक्कांना खुर्चीवर बसवलं आणि अंबाडा सोडायला सांगितला. आक्कांनी सोडला. मग त्यांनी नाडकर्णींच्या डोक्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कलप कुठला लावता?" नाडकर्णी खोकले. त्यांनी भिंगातून एक केस निवडला, चिमट्यानं उपटला, आक्का 'हळू' म्हणाल्या, आणि तो केस ते ट्रेमध्ये ठेवत असताना सर एकदम म्हणाले, "पण एक मिनिट. तू तर मला नाही म्हणाली होतीस. मग आधीचे केस इथं आले कसे?"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेसरच्या बटणाकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश मान वळवून वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातातला नारळ इतका थरथरत होता, की आतलं पाणी वाजत होतं.

आक्कांनी सुटलेले केस एका हातानं मागे घेतले.

"मीच दिले," त्या म्हणाल्या. "या निरुपमाच्या हातात, देवळात. तुला दिले नाहीत, कारण तुला नीट मागता येत नाही."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नाडकर्णींना सांगितलं, की ही माझी आई. नाडकर्णी म्हणाले, ते समजलं, आता पडदे ओढा.

मी केस पट्टीवर बसवला. किरण सोडला. नाडकर्णींनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि ते पाहतच राहिले. केस सरकवायला सांगितला, पट्टी बदलायला सांगितली, भिंग उलटसुलट केलं. शेवटी त्यांनी मान्य केलं, की हा केसच आहे आणि उजेड जातो आहे. फार नाही, उपयोगी पडेल इतका तर नाहीच, पण जातो. आक्कांच्या केसाच्या गाभ्यात इतरांसारखी पोकळ नळी नसावी, असा त्यांचा अंदाज होता. ते आणि सर पडद्याबाहेर जाऊन टेबलाशी आकडे मांडत बसले. मला त्यांनी आत थांबून ठिपका धरून ठेवायला सांगितलं.

आत आम्ही तिघी राहिलो. आक्कांना स्वतःचा केस बघायचा होता. मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"हा तांबडा दिसतोय, तो माझ्यातून आलाय?"

मी हो म्हणाले. आक्कांनी आणखी वाकून पाहिलं. मग, डोळा न काढता, त्या म्हणाल्या, "शैला, काय मागितलं होतंस?"

वहिनींच्या बाजूनं नारळ टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"सांग. अंधार आहे. मला तुझं तोंड दिसत नाही, तुला माझं दिसत नाही."

"सोलापूर," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"तुम्हाला चार महिने सोलापूरला जावंसं वाटावं. एवढंच. दुसरं काही नाही, देवाशप्पथ."

आक्कांचा श्वास जोरात ऐकू यायला लागला. मला वाटलं, त्या रडतायत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर खांदा गदगदत होता. आणि मग त्या अंधारात आक्कांचं हसू फुटलं, तोंडात पदर कोंबूनही न थांबणारं.

"अगं, मग तोंडानं बोलायचं की."

"तुम्ही म्हणाला असता, सून हाकलते."

"म्हणाले असते," आक्का म्हणाल्या. "सगळ्या गल्लीत सांगितलं असतं." त्यांनी अंधारातच कनवटीची पुडी काढून वहिनींच्या हातात कोंबली. "हे घे तुझे. मीही तेच मागत होते. पण तुझ्यावर चालत नाही म्हणे."

वहिनींनी पुडी चाचपली. मग त्यांनाही हसू सुटलं. दोघी त्या अरुंद खोलीत एकमेकींना धरून हसत होत्या, टेबल हलत होतं, आणि सूक्ष्मदर्शकाखालचा तांबडा ठिपका वेड लागल्यासारखा नाचत असणार, कारण पडद्याच्या फटीतून तांबडा उजेड हलताना बघून नाडकर्णींनी बाहेरून ओरडून विचारलं, की उपकरण कोण हलवतंय. मी म्हटलं, कुणी नाही, वीज कमीजास्त होतेय. हसू दाबताना मलाही बोलवत नव्हतं.

लेसर आणखी वर्षभर सांगलीत राहिला. माझं एम. फिल. झालं. त्यात निष्कर्ष असा होता, की पांढऱ्या केसातून उजेड जातो पण डॉक्टरांच्या कामाचा नाही, आणि एवढ्या निष्कर्षावर मला पुढे नोकरीही लागली. पुड्या थांबल्या. सुलभाच्या सासूबाईंचा घसा कधीच सुटला होता, हे हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि माझ्यावरचा विश्वास उडाला.

आक्का त्याच महिन्यात सोलापूरला निघाल्या. मी स्टँडवर गेले होते. गाडी लागली तरी सासू-सून एकमेकींचा हात सोडायला तयार नव्हत्या. हिनं तिच्या पिशवीत चकल्या कोंबल्या, तिनं हिला लोणच्याची बरणी कुठल्या फळीवर ठेवायची ते सांगितलं, आणि मधेच दोघींना कसलंसं हसू आलं, ते आवरता आवरता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आजूबाजूची माणसं बघत होती. सरांनी मला बाजूला घेतलं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "किती जीव आहे एकमेकींवर. मला तर वाटतं आक्काला पाठवूच नये."

मी गाडीकडे बघून हात हलवला. गाडी निघाली, वळली, दिसेनाशी झाली. वहिनी पदरानं डोळे पुसत आमच्याजवळ आल्या आणि सरांना विचारलं, किती दिवसांचं ठरलंय आक्कांचं.

"चार महिने," सर म्हणाले. "तूच तर म्हणालीस."

"चार?" वहिनी म्हणाल्या, आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "इतके कशाला?"